भाऊजींनी ‘आत्ता’ दाबलं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवतायत. अर्धं शहर त्यांना मास्तर म्हणतं. त्यांच्याच एका विद्यार्थिनीने एकदा भर रस्त्यात त्यांना ओव्हरटेक केलं, तर घरी येऊन दोन दिवस कौतुक सांगत होते. तिने इंडिकेटर दिला होता म्हणे.

गेल्या वर्षी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि मास्तरांचा डावा पाय बेकार झाला. क्लच नाही, गिअर नाही. पण खरं डोक्यात गेलं ते गाडीतलं इंटरनेट. कंपनीने गाडीतच सिमकार्ड बसवून दिलं होतं. गाडी उभ्याउभ्या नवं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायची आणि सकाळी पडद्यावर विचारायची, अपडेट बसवायचं का? खाली दोन बटणं: ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नको’. गाडीला नेट कशाला, तिला काय रील बघायच्यात, असं पुटपुटत भाऊजी आठ महिने रोज नकार देत आले.

अशा गाडीवर मी शिकत होते, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. मी वाचनालयात काम करते. आमच्याकडे पुस्तकांची फिरती गाडी येणार होती, तीही इलेक्ट्रिक. महिनाअखेरपर्यंत परवाना आणला तर ती मी चालवायची, नाहीतर कचेरीतल्या कारकुनाने. त्या गृहस्थांना कादंबरी आणि टेलिफोनची डिरेक्टरी यातला फरक कळत नाही. माझी पुस्तकं त्यांच्या हाती द्यायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा थांबण्याच्या रेषेवर. या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती स्वतःच मंदावते. माझा पाय घाबरट. मी तो लवकर उचलायची, गाडी रेषेच्या चार हात अलीकडेच गचकन थांबायची, मग मी पुन्हा दाबायची आणि थेट रेषेपलीकडे. परीक्षक शांतपणे कागदावर काहीतरी लिहायचे. महिनाअखेरच्या आधीची ही तिसरी आणि शेवटची तारीख.

परीक्षा अकराची. भाऊजींच्या शिस्तीप्रमाणे आम्ही दहालाच मैदानावर हजर. मी आरसे नीट करत होते, ते मला एकीकडे रागवत होते, चष्मा कपाळावर चढवलेला. तेवढ्यात पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. भाऊजींनी डोळे बारीक करून ‘आत्ता’ एवढाच शब्द ओळखला, हेच ते, म्हणाले आणि दाबून मोकळे झाले. पस्तीस मिनिटं गाडी चालवता येणार नाही, चालेल का, असंही तिने विचारलं. भाऊजींना प्रत्येक सूचनेनंतर ‘चालेल, पुढे’ म्हणायची सवय. तेही दाबलं.

गाडी गपकन बंद पडली. भाऊजींनी चष्मा खाली ओढला, पडदा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या गाडीवर परीक्षा देण्याची सोय नव्हती.

आम्ही दोघं पडद्यावर चढणाऱ्या टक्क्यांच्या आकड्याकडे बघत बसलो. तो बासष्टवर येऊन अडून बसला तेव्हा मी म्हटलं, “भाऊजी, आठ महिन्यांपूर्वीच हे केलं असतं तर काय बिघडलं असतं?”

ते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, जुन्या गाडीत काय बदललं ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. ही मात्र घरबसल्या काहीतरी शिकून येते. सकाळी शिकवताना मलाच तिची माहिती नसली, तर मी मास्तर कसला?”

मला हसू आलं आणि भडभडूनही आलं. एवढा मोठा माणूस एका पडद्याला घाबरून होता, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मी म्हटलं, “मला छप्पन्नाव्या वर्षी शिकवता आणि तुम्हाला यादी वाचायला लाज वाटते होय?”

दहा पन्नासला गाडी जागी झाली. पडद्यावर ‘नवीन काय’ अशी लांबलचक यादी होती. भाऊजींनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली, बोट लावून, अभ्यासाला बसल्यासारखी. सातव्या ओळीवर बोट थांबलं. पाय उचलल्यावर गाडी किती जोरात मंदावावी, हे आता आपल्याला ठरवता येणार होतं: जास्त, मध्यम, कमी.

“कमी,” मी म्हटलं.

“मध्यम,” ते म्हणाले. “कमी ठेवलं तर तुम्ही भिंतीवर जाल.”

दहा मिनिटांत मैदानाच्या कडेने तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत मी रेषेपुढे गेले, दुसऱ्यात मागे राहिले. तिसऱ्या फेरीला चाकं रेषेला लागून थांबली. तोवर परीक्षक आले.

परीक्षेत भाऊजींना मागे बसावं लागलं. त्यांच्या तोंडाला असं कुलूप मी कधी पाहिलं नव्हतं. रेषा आली, मी पाय उचलला, गाडी हळूच मंदावली, ब्रेकला नुसता पाय लावला. परीक्षकांनी खिडकीतून वाकून चाकाकडे बघितलं, कागदावर ‘पास’ लिहून सही केली आणि पुढच्याला बोलवा म्हणाले.

मी गाडीतून उतरून भाऊजींना पुढे बसायची खूण केली. ते मागेच राहिले. “घरापर्यंत तुम्हीच न्या,” एवढंच म्हणाले. पहिल्या सिग्नलला मी थांबले, वळणावर इंडिकेटर दिला, आणि सूचना येईल म्हणून कान टवकारून राहिले. शेवटी आरशात बघितलं. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना एकतीस वर्षांत ज्यांनी पापणी मिटली नव्हती, ते मास्तर मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून चक्क घोरत होते.