करड्यावर करडा

रफूकाकूंचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरपी जागा. उभं राहायचं तर डोकं आपटतं, म्हणून काकू आत शिरल्या की थेट बसतात. एक खुर्ची, एक लाकडी स्टूल, मान वाकवता येणारा दिवा आणि भिंतभर दोऱ्यांची रिळं. त्यात नुसत्या करड्या रंगाच्या एकोणचाळीस छटा. तुम्हाला-मला त्यातल्या चार वेगळ्या ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं. काकू एक रीळ काढतात, कापडाशेजारी धरतात आणि म्हणतात, "हा नव्हे, याच्या शेजारचा."

त्यांचा एक नियम आहे. काम झालं की कपडा गिऱ्हाइकापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, "शोधा." गिऱ्हाईक बोट फिरवतं, डोळे बारीक करतं, कपडा उलटा करतं. जागा सापडली, तर काकू कपडा परत घेतात, सगळं उसवतात आणि पहिल्यापासून करायला बसतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो चालेल हो." काकूंना चालत नाही.

हा नियम त्यांच्या सासूबाईंचा. सासूबाईंनी सुनेला त्या लाकडी स्टुलावर सहा वर्षं बसवलं आणि सहा वर्षांत तोंडातून एकच शब्द काढला, "उसव." मग एका दुपारी कापड दिव्याखाली धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "राहू दे." बस, एवढंच. काकूंना ती दुपार आजही तारखेसकट आठवते.

सासूबाई गेल्या, काकू खुर्चीवर आल्या आणि स्टूल रिकामं झालं. काकूंची स्वतःची सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. पोरगी लाखात एक, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी तिला घाम फुटतो. "आई, ते मला नका सांगू," असं तिनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. काकूंना रागही आला नाही. फक्त स्टुलाकडे बघितलं की सासूबाईंकडून आलेलं सगळं आपल्यापाशी संपणार, याचं खरोखर वाईट वाटायचं.

त्या सुनेनंच तीन वर्षांपूर्वी काकूंना ॲपवर बसवलं. ॲप परक्या देशातल्या कंपनीचं, पण अख्ख्या देशानं डोक्यावर घेतलेलं. लोक त्यावर नाचायचे, भांडायचे, मांजरं दाखवायचे. काकू भोकं दाखवायच्या. कॅमेरा कापडावर, दोन हात, एक सुई, तोंडातून शब्द नाही. बोलायला त्यांची ना नव्हती, पण फोन समोर धरला की वाचाच बसायची. तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा गाडी "हॅलो"च्या पुढे सरकली नाही.

तरी बघणारे जमले. करून बघणारे मात्र थोडे, आणि टिकून राहिलेलं तर एकच. त्या माणसानं ॲपवर नाव घेतलं होतं 'सुई हरवली'. गेले आठ महिने हे 'सुई हरवली' रोज एका जुन्या पँटीच्या कापडावर रफू करायचं आणि फोटो टाकायचं. काकू फोटो मोठा करून बघायच्या आणि खाली लिहायच्या, "उसव." दुसऱ्या दिवशी नवा फोटो यायचा. दुसरं कुणी असतं तर चार दिवसांत चार शब्द ऐकवून पळालं असतं. हे पळालं नाही.

आणि हात होता हो. काकूंना तो दुसऱ्याच महिन्यात दिसला होता. धागा ओढला नव्हता, सोडला होता. हे शिकवून येत नाही. काकूंनी मनातल्या मनात एक मुलगीही उभी केली होती, विशीतली, सडपातळ बोटांची, खिडकीशी बसून शिवणारी.

एकदा तिकडून निरोप आला, "काकू, वडिलांचा करडा कोट आहे, कोपराला विरलाय. तिरकी वीण शिकवाल ना? मग कोटाला हात लावू."

काकूंनी लिहिलं, "आधी सरळ वीण नीट कर."

आता सरकारचं ऐका. सरकारला हे ॲप नको होतं. आपल्या लोकांची माहिती त्या परक्या देशात जाते, असं त्यांचं म्हणणं. खरंही असेल, आपण कोण सांगणारे? शेजारच्या गाळ्यातले झेरॉक्सवाले भाऊ काकूंना रोज समजावून सांगायचे. "काकू, हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तुमचा सगळा डेटा बाहेर जातोय."

"माझा कसला डेटा भाऊ? भोकं आणि दोरे."

"तेच तर. तुम्हाला कळत नाही, त्यांना कळतं."

"मग शिकतील रफू. शिकू देत."

बंदीची पहिली तारीख आली तेव्हा काकूंनी हात जोडून निरोपाचा व्हिडिओ टाकला. लोक हळहळले, खाली रडकी तोंडं टाकली. दुसऱ्या दिवशी न्यायालयानं स्थगिती दिली आणि ॲप जसंच्या तसं सुरू. सहा महिन्यांनी दुसरी तारीख. काकूंनी पुन्हा हात जोडले. त्या वेळी ॲप बंद झालं खरं, पण अर्ध्या दिवसात परत आलं, कारण म्हणे बोलणी सुरू होती. लोकांनी खाली लिहिलं, "काकू, तिसऱ्यांदा कधी निघताय?" काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, एका बाईला किती वेळा निरोप घ्यायला लावायचा? गिऱ्हाइकाला चार दिवसांचा वायदा करून काकू पाचव्या दिवशी देत नाहीत आणि इथे अख्ख्या सरकारला एक तारीख पाळता येईना.

म्हणून तिसरी तारीख जाहीर झाली, तेव्हा काकू ढिम्म. "ढकलतील पुढे," म्हणाल्या आणि दोरा ओवायला लागल्या.

गुरुवारी दुपारी दोनला झेरॉक्सवाले भाऊ दुकानाशी येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला. इतके दिवस बंदीची बाजू घेणारा माणूस, पण आज तोही मवाळ झाला होता. "काकू, या वेळी खरं आहे. न्यायालयानं हात वर केले. आज संध्याकाळी सहा."

काकूंनी ॲप उघडलं. वरती लाल पट्टी. चारशे बारा व्हिडिओ गेले तर गेले, पुन्हा करता येतील. पण 'सुई हरवली' कुठली, कोण, काही पत्ता नाही. आठ महिन्यांत त्यांनी नाव विचारलं नव्हतं की गाव. विचारलं होतं ते फक्त दोऱ्याचा नंबर. सहा वाजले की तो हात कायमचा हरवणार होता.

त्यांनी घाईघाईनं खासगी निरोप पाठवायला घेतला. ती सोय आठवडाभर आधीच बंद झालेली. मग सगळ्यांना दिसेल असा फोन नंबर लिहून टाकला. मिनिटभरात तो पुसला गेला. त्या गडबडीत भामट्यांचा सुळसुळाट झाला होता, म्हणून नंबर दिसला रे दिसला की ॲपचं यंत्र तो काढून टाकायचं. भाऊंनी मोठ्या कागदावर जाड पेनानं आकडे काढले, काकूंनी कागदाचा व्हिडिओ टाकला. तोही गेला. बोलून सांगावं म्हणून काकूंनी फोन समोर धरला, "हॅलो" म्हणाल्या आणि थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच.

"जाऊ दे काकू," भाऊ म्हणाले. "त्या यंत्राला अक्षर म्हणून अक्षर कळतं."

काकू एकदम म्हणाल्या, "टाके कळतात का?"

भाऊ काही बोलेपर्यंत त्यांनी कापड काढलंसुद्धा. कोट करडा आहे, म्हणून कापडही करडं घेतलं. ओळखीची खूण राहील, हा हिशोब. तीन वाजता बसल्या. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, काकूंनी मान वर केली नाही. दहा आकडे, प्रत्येक अंगठ्याएवढा, सगळे त्या तिरक्या विणीत. शिकवायची राहिलेली वीण तेवढ्यात दाखवूनही झाली. सहाला दहा मिनिटं असताना व्हिडिओ घेतला. नेहमीसारखं कापड समोर धरलं, मग नेहमीसारखं दिव्याखाली तिरपं केलं आणि टाकला. या वेळी पुसला गेला नाही. काकूंनी सुई सुयांच्या उशीत खोचली आणि आठ महिन्यांत घेतला नसेल एवढा मोठा श्वास घेतला. सहाला ॲप काळं पडलं.

घरी जाऊन सुनेला सगळी हकीकत सांगितली आणि अभिमानानं कापड पुढे केलं. सुनेनं ते पाहिलं, उलटलं, पुन्हा पाहिलं.

"आई, नंबर कुठाय?"

"हा काय, समोर."

"कुठे समोर?"

काकूंनी कापड हातात घेतलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चाळीस वर्षांची सवय. हात रिळांकडे गेला होता आणि त्यानं आपणहून कापडाला अचूक जुळणारा दोरा काढला होता. करड्यावर करडा. टाका एवढा बेमालूम बसला होता की यंत्राला दिसला नाही आणि माणसालाही दिसणार नव्हता.

सून आधी हसली, मग सासूचा चेहरा बघून "चहा टाकते," म्हणाली. काकू म्हणाल्या, "माझ्यासारखी बावळट शोधून सापडणार नाही." आणि पदरानं डोळे पुसले.

दहा दिवस गेले. काकू कामाला लागल्या होत्या, पण स्टुलावर त्यांनी गिऱ्हाइकांचे कपडे रचायला सुरुवात केली. रिकामं दिसायला नको म्हणून.

अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडून भरड आवाज. "रफूकाकू का? अखेर लागला. मी सुई हरवली."

"तू... तुम्ही पुरुष आहात?"

"हो. बस चालवतो. का, चालत नाही?"

"चालतं की," काकू म्हणाल्या. "पण नंबर दिसला कसा? तो तर कुणालाच दिसत नाही."

"सरळ बघून नाहीच दिसला. पण तुमचा विसावा धडा आहे ना, रफू शोधायची तर कापड तिरप्या उजेडात बघायचं म्हणून? तुम्ही कापड तिरपं केलंत तिथे व्हिडिओ थांबवला. नऊ आकडे लगेच निघाले. शेवटचा एक, चार की सात, त्यावर अडलं होतं. दोन परक्या घरांतून शिव्या खाल्ल्या."

"पण व्हिडिओ तर सगळे गेले."

"गेले कुठे? चारशे तेरा आहेत माझ्याकडे. पहिल्या बंदीपासून जुने-नवे सगळे उतरवून ठेवतोय. सरकारचा काय नेम."

रविवारी तो आला. पन्नाशीचा, दांडगा, जिन्याखाली शिरताना डोकं आपटलंच. अंगठा बटाट्याएवढा. काकूंच्या मनातली सडपातळ बोटांची मुलगी कुठल्या कुठे गेली. त्यानं कोट अजून शिवला नव्हता, तो पिशवीत घडी करून आणला होता. आधी त्यानं एक करडी पँट काढली आणि काकूंपुढे ठेवली.

"शोधा," तो म्हणाला.

झेरॉक्सवाले भाऊ दुकान उघडं टाकून बघायला आले. काकूंनी बोट फिरवलं. एक पाय झाला, दुसरा झाला. पुन्हा पहिल्यापासून. मग दिवा खाली ओढला आणि कापड तिरपं धरलं. गुडघ्याच्या जरा वर जागा सापडली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या.

त्यानं खिशातून कात्री काढली. आठ महिन्यांची सवय. "उसवू?"

काकूंनी पँटीची घडी घातली, स्टुलावरचे कपडे उचलून मांडीवर घेतले आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "कोट काढा."