सात पाऊणे सव्वापाच

काल मुलीच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकाला कव्हर घालताना परिमेय संख्यांचं पान उघडलं, आणि खाकी कागदाच्या वासासरशी मी आमच्या कुंभार पिंपळगावच्या ओसरीवर जाऊन बसलो.

वडील, आबा, आठवडी बाजारात मापाडी होते. पाव, पाऊण, सव्वाचे जुने पाढे त्यांना तोंडपाठ होते. त्या संध्याकाळी मी आणि शेजारचा विलास तीन चतुर्थांश गुणिले सात करत होतो. अंगावरची, टोपीवरची ज्वारीची धूळ झटकत आबा म्हणाले, "सव्वापाच!"

माझ्या वहीत आणि पुस्तकातही एकवीस छेद चार होतं.

"चुकलं, आबा. तुमचं जुनं आता चालत न्हाई."

विलास फिदीफिदी हसला.

"असंल बाबा. तुम्ही शिकलेले," आबा म्हणाले आणि स्वच्छ टोपी पुन्हा झटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर दाखवलं, की दोन्ही संख्या एकच, फक्त लिहायची रीत वेगळी. घरी हे सांगायला मला लाज वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू करत आबा जाईपर्यंत ते राहिलंच.

त्या संध्याकाळनंतर त्यांनी पाढे पुन्हा कधी मोठ्यानं म्हटले नाहीत. पुढच्या बाजारी, तागडी हातात धरून, गिऱ्हाइकासमोर त्यांनी मला विचारलं, "बघ रे, माझं बराबर हाय का?"