घेतला चार्ज

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आनंदनगरच्या कारखान्यात बॉयलरपाशी होतो. फर्स्ट शिफ्ट सुटायला तास बाकी होता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले. झोपेतच गेले." मी मोबाइल खिशात टाकला आणि रिलिव्हर येईपर्यंत तिथेच थांबलो. बॉयलर सोडून निघालो असतो तर सगळ्यात आधी मधूनेच मला शिव्या घातल्या असत्या...

अकरा वर्षं आम्ही एकमेकांचे रिलिव्हर होतो. पुढच्या पाळीच्या माणसाने आल्या आल्या बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बघायची, प्रेशर मोठ्याने वाचायचं आणि म्हणायचं, "घेतला चार्ज." हे ऐकल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. मी बेलवलीहून सायकल मारत उशिरा पोचायचो. "आले जमीनदार," मधू म्हणायचा. आमची शेती केव्हाच विकली गेली होती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण माझं वाचून होईपर्यंत त्याने कधी डबा उचलला नाही.

मग त्याच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन चांगलं झालं, टाके सुकले, उजवा हात पुन्हा चालू लागला. अंबरनाथ पूर्वेतल्या त्यांच्या चाळीत लोक बघायला येऊन "वाचला" म्हणून जात. आणि हा मात्र झोपेना, ना दिवसा ना रात्री. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या ऑपरेशननंतर असं होतं, मनही खचतं, लपवू नका. त्यांनी गोळी दिली. तिने डोळे जड व्हायचे, पण लागलेला डोळा लगेच उघडायचा. कधी आवाज न चढवणारा माणूस मुलीच्या पैंजणांवर खेकसायचा आणि मग मुसमुसत बसायचा. आम्ही सगळे दीडशहाणे. टीव्ही बंद ठेवा, खोलीचं दार ओढून घ्या, कोणी आत जाऊ नका, त्याला शांत पडू दे, हा सल्ला माझाच. वहिनींनी तो महिनाभर इमानाने पाळला.

एका रविवारी दुपारी मी दार उघडून आत गेलो, तर मधू भिंतीला टेकून टक्क जागा. "झोपत का नाहीस रे?" मी जरा वैतागूनच विचारलं.

"झोपलो आणि डोकं परत बिघडलं, तर कळणार कोणाला?" तो म्हणाला. "तुम्ही तर दार लावून जाता. बॉयलर असा सोडतो का रे कोणी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उल्हासनगरहून आणलेली त्यांची लाकडी खुर्ची मी पलंगाशी ओढली, त्याच्या कपाळाला हात लावला आणि मोठ्याने म्हटलं, "ताप नाही. श्वास बरोबर. घेतला चार्ज." तो माझ्याकडे बघत राहिला. मग कुशीवर वळला आणि तीन तास झोपला. माझी कंबर धरली, पण उठलो नाही.

त्यानंतर वहिनी, मुलगी आणि मी पाळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, "गोळीबरोबर हेही चालू ठेवा." हळूहळू मधू चिडायचा कमी झाला, माझी टिंगल करू लागला, तेव्हा मी ओळखलं की गडी परत आला. वर्षभर तो बरा होता. मग गाठ परत आली.

त्या शेवटच्या दुपारी मी ड्युटीवर होतो. त्याने विचारलं म्हणे, "जमीनदार नाय आला?" खुर्चीत वहिनी होत्या. त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "मी आहे ना. घेतला चार्ज. झोपा." तो झोपला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर परवा ड्युटी सुटली तसा मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. डबा खाली ठेवून सवयीने त्या खुर्चीत बसलो. पलंगावर घडी घातलेली चादर होती. चहा झाला, बोलणं संपलं, तरी माझ्याने उठवेना. वहिनींनी थोडा वेळ बघितलं. मग पलंगाच्या कडेला बसल्या, चादरीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "भावजी, घेतला चार्ज. जा आता तुम्ही."

मी डबा उचलला.