मागे टेकू असलेली गाडी

माझी पहिली मोटरसायकल मी मागच्या सीटवर बसून निवडली. शोरूममधला सेल्समन बिचारा पिकअप, लाँग ड्राइव्ह, टाकीचा शेप असं काय काय सांगत होता आणि मी मागे बसून पाठ टेकवून बघत होतो. शेवटी त्याला विचारलं, "इथे बसून माणसाला झोप लागली, तर तो पडेल का?"

तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची फिरकी घेतोय. फिरकी कसली घेतोय डोंबलाची. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. रिक्षाच्या धुराने त्यांना उलट्या व्हायच्या, म्हणून पंचवटीतून गंगापूर रोडला जायला आमची जुनी स्कूटरच. जाताना ते ठीक असत. येताना मात्र अंगात त्राण नसायचं, बसल्या बसल्या डुलकी लागायची. आईने जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून ठेवली होती. दवाखान्यातून निघताना ती मी आमच्या दोघांच्या कमरेला बांधायचो. पाठीवर त्यांचं डोकं टेकलं की धीर यायचा, वजन जरा सरकलं की मी गाडी कडेला घ्यायचो.

ऑफिसात सगळे म्हणाले, शंभर सीसीची मायलेजवाली घे, या वयात क्रूझर कसली घेतोस? त्यांना काय कप्पाळ सांगणार. गाडी बसकी, सीट ऐसपैस आणि मागे पाठीला टेकू. मी वडिलांनाच शोरूमला नेलं. ते मनमाडला रेल्वेत फिटर होते. बसले, टेकले, डोळे मिटले. म्हणाले, "आयुष्यभर फर्स्ट क्लासचे डबे दुरुस्त केले. बसायला आत्ता मिळालं."

दुसऱ्याच दिवशी गाडी मिळत होती. आई आडवी आली. "पितृपक्ष चालू आहे. घटस्थापनेला आण."

मी भडकलो. वडील म्हणाले, "अगं, मनमाडला गाड्या आम्ही पंचांग बघून सोडायचो का?" ती रडायला लागली. "तुमच्यासाठीच म्हणतेय ना मी." आणि मी शोरूमला घटस्थापनेची तारीख कळवली. आज सगळं तिच्या माथी मारता येईल, पण खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. म्हटलं, दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न, उगाच विषाची परीक्षा कशाला.

पुढच्याच खेपेला दवाखान्यातून निघताना वडील म्हणाले, "ती पट्टी नको आज. लोक हसतात." मी म्हटलं, बरं. मालेगाव स्टँडच्या अलीकडे एक गतिरोधक आला आणि माझी पाठ एकदम हलकी झाली. मागे वळून बघितलं तर ते रस्त्यावर कुशीवर पडले होते, झोपेतच असल्यासारखे. तिसऱ्या दिवशी गेले.

भेटायला आलेला एक नातेवाईक म्हणाला, "भाग्यवान हो. पितृपक्षात मरण म्हणजे थेट स्वर्ग." मी त्याला हाताला धरून दाराबाहेर काढला.

घटस्थापनेला आम्ही सुतकात. सकाळीच शोरूममधून फोन. "साहेब, हार घालून ठेवलीय गाडी. मुहूर्त टळतोय, कधी येताय?" मी फोन ठेवून दिला. आई समोरच बसली होती. तिने विचारलं नाही कोणाचा फोन म्हणून.

तेरावं झाल्यावर गाडी आणली. सोडून द्यायला जीव होईना. आता मागे आई बसते, एका अंगाला पाय सोडून. वणीला नेलं तिला, मनमाडला नेलं. रस्ता खराब लागला की मी म्हणतो, मागचा टेकू धर. ती त्याला हात लावत नाही. निघायच्या आधी तेवढी ती लुगड्याची पट्टी पिशवीतून काढते आणि आमच्या दोघांच्या कमरेला बांधते, दोन गाठी मारून.

सिग्नलला लोक बघून हसतात. मी पट्टी सोडत नाही.