आत्या माझ्याबरोबर दिल्लीला आली

तलासरी तालुक्यातल्या आमच्या गावाला भूकंपाचे धक्के बसायला लागले तेव्हा मी शाळेत होते. आधी सगळ्यांना वाटलं, डोंगरापलीकडे खाणीत सुरुंग लावतायत. मग भिंतींना तडे गेले आणि सरकारी माणसं तंबू घेऊन आली. ती थंडी साऱ्या गावाने अंगणात काढली. आमच्या गावात मोठं काही कोसळलं नाही, पण धक्के कायमचे थांबलेही नाहीत. काही महिने शांत जायचे, लोक निर्धास्त होऊन घरात झोपू लागायचे आणि पुन्हा जमिनीखालून गडगड यायची.

आमच्या घरात धक्का सर्वांत आधी कळायचा आत्याला. बाबांची ही थोरली बहीण नवरा वारल्यावर माहेरी आली ती कायमची. नागली निवडत असो की पेंढा रचत असो, ती मधेच थांबायची, मान किंचित तिरकी करायची आणि म्हणायची, "आला." ओरडून नाही, दारात पाहुणा दिसल्यावर म्हणावं तसं. आम्ही अंगणात पोचेपर्यंत मागे मांडणीवरची भांडी वाजू लागलेली असायची. शेजारी म्हणायचे, हिच्या अंगात देवी येते. त्यावर ती चिडायची. "देवीला दुसरी कामं नाहीत का? मला पायातून कळतं."

आत्या भूकंपाने गेली नाही. तिला कावीळ झाली, अंगात मुरली आणि पावसाळा सरता सरता डहाणूच्या दवाखान्यात ती गेली. शेवटपर्यंत तिचं सगळं आईने केलं. खरं तर दोघींचं आयुष्यात कधी पटलं नव्हतं. आत्या आईशी बोलायची तीही माझ्यामार्फत. "तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे."

पुढच्या जानेवारीत मी दिल्लीला गेले. कॉलेजचं शेवटचं सत्र इंटर्नशिपचं होतं आणि लोककथांची जुनी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या एका संस्थेला मराठी, गुजराती आणि आमच्याकडची वारली बोली समजणारं कुणीतरी हवं होतं. बाबा मोटरसायकलवरून वापी स्टेशनला सोडायला आले. गाडी हलताना म्हणाले, "तिकडे तरी शांत झोप."

मी झोपायचेही. दक्षिण दिल्लीतल्या एका जुन्या घरात वरची खोली मिळाली होती. खाली मालकीणबाई एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, गोऱ्या, जाड भिंगांचा चष्मा. मी त्यांना आंटी म्हणायचे. संध्याकाळी त्या मला खाली बोलवून गाजराचं लोणचं आणि पराठा द्यायच्या आणि माझ्या हिंदीला हसायच्या.

पहिल्यांदा झालं ते ऑफिसात, भर दुपारी. हेडफोन लावून मी एका म्हाताऱ्याने सांगितलेली गोष्ट उतरवून घेत होते. राजकन्या विहिरीपाशी पोचली होती, एवढ्यात डाव्या कानाशी आत्याचा आवाज आला. "आला."

तो रेकॉर्डिंगमधला नव्हता. माझी पेन्सिल टेबलावर पडायच्या आत मी जिन्यात होते. खाली उतरून कडुनिंबाखाली उभी राहिले आणि इमारतीकडे बघत राहिले. काहीच हललं नाही. वॉचमनने विचारलं, "क्या हुआ, मॅडम?" मी म्हटलं, "कुछ नहीं, धूप लेने आई हूँ." वर आल्यावर ते रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हातारा बोलत होता, मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. बाकी काही नव्हतं.

मग तो आवाज येतच राहिला. भाजी घेताना, मेट्रोच्या जिन्यावर, आंघोळ करताना. मला भीती वाटायची ती धक्क्याची नव्हे. आवाज इतका तिचा असायचा, की वळून बघितलं तर ती दिसेल, याची वाटायची. म्हणून मी वळायचे नाही. सरळ बाहेर पडायचे. आईला फोनवर रोज सांगायचे, सगळं ठीक आहे. तीही तेच सांगायची.

एका सकाळी ओल्या केसांनी मी अंगणात धावत आले तेव्हा आंटी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी हाताला धरून मला खुर्चीत बसवलं. काही लपवायचं त्राण नव्हतं, म्हणून सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, या आता मला डॉक्टरकडे पाठवतील, नाहीतर खोली सोडायला सांगतील. आंटी मात्र घाबरल्या. घराच्या छताकडे बघत म्हणाल्या, "मग? आज येणार आहे का?"

"नाही हो आंटी, ते नुसतंच..."

"बुआ को पता होता था ना?" त्यांनी जाऊन गॅस बंद केला. बुआ म्हणजे आत्या.

त्या दिवसापासून हे नवंच सुरू झालं. मी खाली आले की त्या विचारायच्या, "आज बुआ बोली?" बोलली म्हटलं तर तासभर अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, मलाही बसवायच्या. नाही म्हटलं तर निवांतपणे गच्चीवर कपडे वाळत घालायला जायच्या. मी त्यांना पुष्कळदा सांगितलं, की आवाज येतो पण धक्का कधी येत नाही. त्या म्हणायच्या, "अभी तक नहीं आया." हळूहळू मलाही बरं वाटू लागलं होतं, हे खरं. परक्या शहरात माझ्या आत्याला कुणीतरी ओळखत होतं. खीर केली की आंटी एक वाटी खिडकीत ठेवायच्या. तिच्यासाठी.

तो रविवार होता. मी आंटींच्या स्वयंपाकघरात मटार सोलत होते. सकाळी त्यांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. त्या गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. एकदम परात माझ्यापासून दूर सरकली. मी ती पुन्हा ओढून घेतली. मग पंखा डोलायला लागला, आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्याकडचा धक्का खालून ठोसा मारावा तसा येतो. इथे घर होडीसारखं झुलत होतं. भूकंप आहे हे गल्लीतली माणसं ओरडत बाहेर पडली तेव्हा मला कळलं. आयुष्यभर धक्के खाल्लेली मी, साऱ्या गल्लीत शेवटची होते.

पाठोपाठ जिन्यात आंटी पडल्याचा आवाज झाला.

त्यांचं मनगट मोडलं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात गेलो. एक्स-रेसाठी बाकावर थांबलो होतो, त्यांचा हात माझ्या ओढणीत बांधलेला होता. त्या म्हणाल्या, "तूने बताया नहीं."

"मला ऐकूच आलं नाही, आंटी. खरंच. काहीच नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. शाळेत एखाद्या मुलीला घरची वाईट बातमी सांगावी, तशा आवाजात त्या म्हणाल्या, "बेटा, तेरी बुआ चली गई."

आत्या गेली तेव्हा मी रडले नव्हते. घरात पाहुणे होते, भांड्यांचा ढीग होता, बाबांना सांभाळायचं होतं. त्या बाकावर, अनोळखी माणसांसमोर मी रडले. मोडक्या हाताची बाई चांगल्या हाताने माझी पाठ चोळत राहिली.

पुढचे आठवडे मी त्यांच्या पोळ्या लाटल्या, केस विंचरले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि आवाजही पुन्हा आला नाही. गर्दीत, जिन्यात मी मुद्दाम थांबून कान द्यायचे. आता वळून बघायचीही तयारी होती. रेकॉर्डिंगमधली माणसं बोलत राहिली. त्यांतली बहुतेक केव्हाच वारलेली होती, आणि त्यांच्यातल्या एकाचीही मला भीती वाटली नाही.

मी परतले तेव्हा विवळवेढ्याच्या देवीची चैत्रातली यात्रा चालू होती आणि हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. घराच्या भिंतींचे तडे बाबांनी सिमेंटने बुजवले होते. आई वाळल्यासारखी दिसली. कामाने, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चुलीवर भात ठेवला होता आणि मी उंबऱ्यात बसून आंटींच्या गोष्टी सांगत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की आई ऐकत नाहीये. ती उठली, पदराला हात पुसले, माझ्या बाजूने बाहेर गेली आणि मोहाच्या झाडाखाली घराकडे तोंड करून उभी राहिली.

मांडणीवरचा एक पेलाही वाजला नाही.

मी तिच्याजवळ गेले. "काय गं?"

"काही नाही. ऊन किती चढलं ते बघायला आले."

"कधीपासून?"

ती उन्हाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागली. "तिचं दिवसकार्य झालं तेव्हापासून," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही. एकटी राहणारी पोर, घाबरशील. जिवंत होती तोवर माझ्याशी धड बोलली नाही गं. आता रोज हाक मारते."

मला तिला दवाखान्यातल्या त्या बाकाविषयी सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, पण तिने हात वर करून मला गप्प केलं. ती अजून वाट बघत होती. आतून भात लागल्याचा वास यायला लागला. आई जागची हलली नाही, मग मीही तिच्याशेजारी उभी राहिले.