चोकची मूठ

आज सकाळी जीप सुरू करताना माझा हात पुन्हा चोकच्या मुठीकडे गेला. ती आता कशालाच जोडलेली नाही. गेल्या महिन्यात जुना कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवून घेतलं, त्याला चोक लागतच नाही; पण डॅशबोर्डवर भोक दिसायला नको म्हणून मेकॅनिकने ती तशीच राहू दिली.

घाटावरच्या थंडीत ती जीप चोक ओढल्याशिवाय सुरू व्हायची नाही, आणि सुरू झाली तरी तापेपर्यंत अंगणात खोकत उभी राहायची. त्या खोकण्यावरून सगळ्या आळीला कळायचं, की मी खाली बाजाराला निघालोय. कुणी दळणाचा डबा आणून ठेवायचं, कुणी मागे चढून बसायचं. शेजारच्या ताराकाकू खालच्या गावात दिलेल्या लेकीसाठी भाकऱ्या बांधून आणायच्या आणि इंजिन तापेपर्यंत तिच्याविषयीच बोलत राहायच्या. मी मनातून वैतागायचो.

आता किल्ली फिरवली की जीप निघते. काल संध्याकाळी परतलो तर ताराकाकू फाटकाशी उभ्या होत्या.

"कधी गेलास रे? आवाजच आला नाही."

"भाकऱ्या द्यायच्या होत्या का, काकू?"

"राहू दे. आम्हीच खाल्ल्या."

म्हणून आज जीप सुरू करून उगाच अंगणात बसून राहिलो. कुणी आलं नाही. हॉर्नवर हात ठेवला आणि काढून घेतला. हॉर्न ऐकला की माणसं घाई करतात. त्या खोकण्याला सगळी सावकाश यायची.