विमबरोबरचा दुसरा माणूस

विम गेला. त्याच्यावर मी कधीच पूर्ण विश्वास ठेवला नाही.

सकाळी त्याच्या मुलीचा मेसेज आला. झोपेतच गेला म्हणाली.
मी तिला उलट विचारलं, "नक्की झोपेतच?"

मी अशीच आहे. विमला माझं हेच आवडायचं.

२००५ ची गोष्ट. मी डिपेंडंट व्हिसावर नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला नवीन आले होते. नवरा ऑफिसात, मी घरात. विम आमच्या खालच्या मजल्यावर एकटा राहायचा. वयाने बाबांच्या बरोबरीचा, पण इथे सगळ्यांनाच अरे-तुरे. काका म्हणायचीही सोय नव्हती, डच मुलं तो शब्द शीसाठी वापरतात.

मी एक सेकंडहँड सायकल घेत होते. विकणाऱ्याला अर्धा तास छळलं. बिल कुठे आहे, आधी कोणाची होती, का विकतोयस. विम खिडकीतून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "गुरुवारी साडेदहाला वर येऊ का?"
एक जिना चढून यायला अपॉइंटमेंट.

आला तो ब्रोशर्सचा गठ्ठा घेऊन. त्याला अमेरिकेत, रॉकी पर्वतात, एल्कच्या शिकारीला जायचं होतं. एल्क म्हणजे सांबराहूनही थोराड हरीण. तिथे आउटफिटर असतात. ते तुम्हाला घोड्यांवरून आत डोंगरात नेतात, तंबू, शेगडी, लाकडं देतात आणि सोडून परत जातात. गाइड नाही, आचारी नाही. आठवड्यात एकदा कोणी तरी येऊन बघून जातं. याला ड्रॉप कॅम्प म्हणतात.

"यातला एक निवडून दे," विम म्हणाला.

"विम, मी अंडंसुद्धा खात नाही."

"म्हणूनच. मी शिंगं बघून भुलतो. तू भुलणार नाहीस."

बरोबर कोण, विचारलं. "पीट. माझा मित्र. तीस वर्षं ठरवतोय आम्ही."

मी कामाला लागले. पद्धत बाबांची. माझ्या लग्नाच्या वेळी मुलाकडचे चौकशीसाठी जी नावं देत, त्यांना बाबा फोन करायचे, पण त्यांनी केलेलं कौतुक लिहूनही घ्यायचे नाहीत. म्हणायचे, ही पढवलेली माणसं. यांच्याकडून पुढची नावं काढायची. आणि शेवटी विचारायचं, तिथून नकार घेऊन आलेलं कोणी माहीत आहे का?

मीही तेच केलं. संध्याकाळी सहाला, तिकडे सकाळ असताना, आउटफिटरांच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन. तुमच्याबरोबर कॅम्पवर कोण होतं? रिकाम्या हाताने कोण परतलं? त्यांचा नंबर द्या.

नवरा म्हणाला, "एल्कचं लग्न ठरवतेयस का?"

पहिला आउटफिटर प्रत्येक प्रश्नाला "काळजी करू नका" म्हणाला. तिथेच कटाप. त्याच्या ब्रोशरमध्ये शिंगांचे फोटो वीस, तंबूचा एकही नाही.

दुसऱ्याचं परमिट मित्राच्या नावावर होतं. शिवाय गेल्या साली त्याची खेचरं वेळेवर आली नाहीत आणि मांस डोंगरातच खराब झालं, हे मला रिकाम्या हाताने परतलेल्या एका सुताराने सांगितलं.

तिसरीकडे आउटफिटरची बायको फोनवर. तिने मलाच धारेवर धरलं. वय काय? घोड्यावर बसता येतं? नऊ हजार फुटांवर कधी राहिलेत का?

"आमचं घर समुद्रसपाटीच्या खाली आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही. "दुसऱ्या माणसाशी बोलायचंय. एकट्याला आम्ही तिथे सोडत नाही."

विमला सांगितलं. तो कॉफी ढवळत राहिला. "पीट फोनवर बोलत नाही."

"का?"

"त्याला आवडत नाही."

मला ते स्थळ पसंत होतं. पण हे उत्तर पसंत नव्हतं. आउटफिटरच्या फॉर्मवर विमने पीटचा पत्ता लिहिला होता. मी सायकल काढली आणि गेले.

दार पीटच्या बायकोने उघडलं. मी पीट आहेत का विचारलं. ती म्हणाली, "दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

समोरच्यांची चौकशी सगळे करतात. आपल्या बाजूची कोणी करत नाही. बाबांनीही केली नसती.

"तू खोटं बोललास," मी विमला म्हटलं.

"पीट जिवंत आहे का, असं तू विचारलंच नव्हतंस. तुझ्या यादीत तो प्रश्न नव्हता."

"एकटा राहणार होतास तिथे?"

"त्याची जागा रिकामी ठेवून."

मग हळूच म्हणाला, "तू काही बोलली नाहीस तर कोणाला कळणार नाही."

मी बोलले. त्याच संध्याकाळी त्या बाईला फोन केला. ती म्हणाली, गाइडबरोबर येऊ दे, ड्रॉप कॅम्प नाही. विम म्हणाला, "मला राखणदार नको." तो गेला नाही. नंतरही कधी गेला नाही.

चार महिने त्याने अपॉइंटमेंट मागितली नाही. जिन्यात भेटला की हवेबद्दल बोलायचा. मग एका गुरुवारी साडेदहाला बेल वाजली, आणि तो विषय आम्ही कधी काढला नाही.

मी त्याला पुढची इतकी वर्षं दिली, की त्याला हवा असलेला तो एक आठवडा काढून घेतला? मला अजून माहीत नाही. मनाला समजावते ते उत्तरही मला पढवलेलं वाटतं.

गेल्या महिन्यात आजारी विमला भेटायला गेले तेव्हा डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय.

"तिसऱ्याचा तंबू कसा होता?" एकदम म्हणाला.

मला सगळं पाठ होतं. "जाड कॅनव्हासचा. शेगडीला धुराडं. लाकडं आधीच फोडून ठेवलेली. पाणी जवळच."

"आणि दुसरा माणूस?"

मी म्हटलं, "पोचलाय. मी चौकशी केलीय."

त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. माझ्यासारखंच, संशयाने. मग मिटला.

जा विम. पीट आहे तिथे.
या वेळी मी कोणालाही फोन केलेला नाही.